साठा उत्तरांची कहाणी, पाचा उत्तरांत

श्रावणातल्या कहाण्या एका ठरलेल्या वळणावर संपतात. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली, ती सुफळ संपूर्ण झाली, असे म्हणत वाचणारी पोथी मिटते आणि ऐकणाऱ्या हातातल्या अक्षता वाहतात. तिथे हा संक्षेप चालतो. वसा कुणी घेतला, कोण उतले-मातले, देव शेवटी कसा पावला, हे ऐकणाऱ्यांना आधीपासूनच ठाऊक असते. पण ज्या गोष्टीचा शेवट कुणालाच माहीत नाही आणि जी ऐकणाऱ्याने आठ वर्षे उराशी धरली आहे, ती अशी आटोपता येत नाही. टेलिव्हिजनवरच्या अद्भुतकथांचे शेवट आणि त्यांवरचा चाहत्यांचा संताप पाहताना मला ही साठ आणि पाचाची गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते.

२० मे २०१९, सोमवार, सकाळचे साडेसहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा रविवारच्या रात्रीचे नऊ वाजत होते आणि त्याच वेळी आपल्याकडे हॉटस्टारवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा त्र्याहत्तरावा आणि अखेरचा भाग सुरू झाला. मुंबई-पुण्यातल्या चाहत्यांनी सहा सोमवार गजर लावून काढले होते. ऑफिसला पोचेपर्यंत कुणी शेवट सांगून टाकला तर, ही धास्ती होती. अमेरिकेत त्या एका रात्रीत सुमारे १ कोटी ९३ लाख लोकांनी तो भाग पाहिला. एचबीओ या वाहिनीसाठी हा विक्रम होता. त्याच सुमारास आठवा सीझन नव्याने, सक्षम लेखकांकडून लिहून घ्यावा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर १५ लाखांहून अधिक सह्या जमल्या. सप्टेंबरमध्ये याच सीझनला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी मिळाला आणि एकूण १२ एमी पदरात पडले. प्रेक्षकसंख्येने डोक्यावर घेतले, परीक्षकांनी गौरवले आणि ज्यांनी सर्वांत जास्त प्रेम केले त्यांनी नाकारले.

या तिसऱ्या निकालाला अनेकांनी हट्टी मुलांचा आकांत ठरवले. मला तसे वाटत नाही. त्या संतापात आक्रस्ताळेपणा होता, पण त्याच्या तळाशी गेल्या दशकातली एक सकस वाङ्मयीन समीक्षा होती. चाहत्यांना कथेची मूळ अट लेखकांइतकीच, काही ठिकाणी लेखकांपेक्षाही स्वच्छ कळली होती.

ती अट त्यांना मालिकेनेच शिकवली होती. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेतले पहिले पुस्तक १९९६ चे. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांनी त्यावरून केलेली मालिका एप्रिल २०११ मध्ये सुरू झाली. पहिल्या सीझनच्या नवव्या भागात नेड स्टार्कचे मुंडके उडवले गेले. ज्याला आपण नायक समजत होतो, तो सरळपणापायी मेला. दोन वर्षांनी, जून २०१३ मध्ये, त्याच्या मुलाचा, रॉबचा, लग्नघरी विश्वासघाताने खून झाला. पुस्तके वाचलेल्यांना हे ठाऊक होते. त्यांनी आपल्या बेसावध मित्रमैत्रिणींचे चेहरे गुपचूप चित्रित केले आणि कोचावर सुन्न बसलेली ती माणसे जगभर पाहिली गेली. पण हे मृत्यू लेखकाच्या लहरीचे नव्हते. नेडने राणी सर्सीला आपला बेत आधीच सांगितला होता. रॉबने दिलेला शब्द मोडून दुसरीशी लग्न केले होते. करावे तसे भरावे, एवढा एकच नियम या जगात पाळला जात होता. ड्रॅगन खोटे होते, पण कर्म आणि फळ यांचे नाते खरे होते. अद्भुतकथेला विश्वास कमवावा लागतो तो असा. जिथे काहीही घडू शकते, तिथे हे का घडले याचे उत्तर अधिक काटेकोर लागते.

अशा शाळेत तयार झालेला प्रेक्षक कसा वाचतो, याचे नेडच्या घरी वाढलेल्या जॉन स्नोइतके चांगले उदाहरण नाही. त्याची आई कोण, याचा तर्क वाचकांनी पहिल्या पुस्तकातल्या विखुरलेल्या खुणांवरून फार पूर्वीच बांधला होता. बेनिऑफ आणि वाइस मालिकेचे हक्क मागायला गेले तेव्हा मार्टिननी त्यांना नेमका हाच प्रश्न विचारला, आणि उत्तर बरोबर आले म्हणून विश्वास टाकला. चाहत्यांचे वाचन हीच रूपांतरकारांची प्रवेशपरीक्षा होती. १४ जून २०१५ ला पाचव्या सीझनच्या अखेरीस जॉन बर्फात भोसकलेला पडला आणि पुढचे जवळजवळ वर्षभर तो मेला की नाही यावर जग वाद घालत राहिले. नटाच्या केसांची लांबीसुद्धा पुरावा म्हणून तपासली गेली. सीझनचा शेवट म्हणजे दोन वर्षांच्या मध्ये सोडलेली मोकळी जागा, आणि ती जागा प्रेक्षक आपल्या बुद्धीने भरतो. या कलेची खरी ताकद मला इथे दिसते.

त्या ताकदीचा कळस २६ जून २०१६ ला, सहाव्या सीझनच्या शेवटच्या भागात गाठला गेला. सुरुवातीची काही मिनिटे जवळपास संवादच नाहीत. माणसे कपडे चढवतात, मंदिराकडे निघतात, आणि रामीन जवादी यांचे संगीत पियानोच्या सुट्या सुरांनी उलगडते. या मालिकेत तोवर पियानो असा ऐकू आलाच नव्हता, म्हणून पहिल्या सुरालाच काळजात धस्स होते. मग सर्सी आपल्या शत्रूंसह ते मंदिर हिरव्या आगीत उडवते. सर्सीचा हा विजय पुरता होतो न होतो, तोच तिचा मुलगा टॉमेन मुकुट काढून ठेवतो आणि खिडकीतून स्वतःला झोकून देतो. कॅमेरा जागचा हलत नाही. आईच्या कर्माचे फळ एका न बोललेल्या चित्रात समोर येते. त्या भागावर चाहत्यांनी जो आनंद व्यक्त केला, त्याचे कारण स्फोट नव्हता. सहा वर्षांचा हिशेब चुकता झाल्याचे समाधान होते.

मग हिशेब चुकला कुठे? सरळ उत्तर असे दिले जाते की पुस्तके संपली. मार्टिन यांचे पाचवे पुस्तक जुलै २०११ मध्ये आले, त्यानंतर या मालेतले पुढचे आलेले नाही. मालिका पुस्तकांच्या पुढे गेली आणि आधार सुटला. हे कारण खरे असले तरी अपुरे आहे. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे होते, सातवा सात भागांचा आणि आठवा सहाचा. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती; निर्मात्यांनीच नको म्हटले. तरीही केवळ मिनिटे मोजून चालणार नाही, कारण आठव्या सीझनचे शेवटचे चार भाग प्रत्येकी ऐंशी मिनिटांच्या आसपास आहेत. वेळ होता, तो कुठे खर्च झाला हे पाहायला हवे.

कहाणीतल्या ‘उत्तर’ या शब्दाचा अर्थ इथे उपयोगी पडतो. उत्तर म्हणजे बोल. पहिल्या सीझनचे भाग लांबीला कमी पडत होते, म्हणून लेखकांना पुस्तकात नसलेले प्रसंग लिहावे लागले. त्यातलाच एक म्हणजे राजा रॉबर्ट आणि सर्सी आपल्या मोडक्या संसाराविषयी बोलत बसतात तो. एक खोली, दोन माणसे, थोडी दारू, सतरा वर्षांचा कडवटपणा. संपूर्ण मालिकेतल्या श्रेष्ठ प्रसंगांत मी तो धरतो. अशा उत्तरांवर ही मालिका उभी होती. आठव्या सीझनमध्ये ८२ मिनिटे एका लढाईला मिळाली, तीही इतक्या काळोखात की अनेकांना पडद्यावर कोण मेले हे दिसले नाही. आणि ड्रॅगनांची राणी डेनेरिस टार्गेरियन हिच्या मनात काय शिजते आहे, याला मिळाल्या काही नजरा आणि एक-दोन तुटक संवाद.

१२ मे २०१९ च्या पाचव्या भागात शरणागतीच्या घंटा वाजतात. युद्ध जिंकले गेलेले असते, आणि तरीही डेनेरिस सगळे शहर जाळते. ती क्रूर होऊ शकते याची बीजे फार आधी पेरलेली होती. मीरीन शहरात तिने गुलामांच्या १६३ मालकांना खांबांवर खिळले होते, सातव्या सीझनमध्ये शरण न आलेल्या बापलेकांना जाळले होते. पण शत्रूला जाळणारी राणी आणि शरण आलेल्या शहरातली मुले जाळणारी राणी यांच्यात बरेच अंतर आहे, आणि ते अंतर चालून दाखवणे हेच नाटककाराचे काम असते. ते ओझे एकट्या एमिलिया क्लार्कच्या चेहऱ्यावर टाकले गेले. तिने ते पेललेही, पण चेहरा पटकथेची जागा घेऊ शकत नाही. २०१८ या एका वर्षात अमेरिकेत पाचशेहून अधिक मुलींची नावे डेनेरिसच्या ‘खलीसी’ या उपाधीवरून ठेवली गेली होती. त्या आईबापांना आपली राणी निर्दोषच हवी होती असे समजणे त्यांच्यावर अन्याय आहे. तिचा ऱ्हास ज्यांनी आधीच ओळखला होता, तेही रागावलेच होते. शेवट तोच असू द्या, पण तिथवर आम्हाला चालत न्या, हे त्यांचे म्हणणे होते. राजा म्हणून नेडच्या मुलाची, ब्रॅनची निवड, मृतांचा राजा नाइट किंग नेडच्या मुलीच्या, आर्याच्या एका झेपेत संपणे, जॉनच्या जन्माचे रहस्य शेवटी निरुपयोगी ठरणे: प्रत्येक तक्रारीचा गाभा हाच आहे.

चाहते चुकले ते मागणीत. सीझन पुन्हा करा असे सांगणारा अर्ज कलाकृतीला बिघडलेल्या मालासारखे वागवतो. बेलफास्टच्या स्टुडिओत आणि थंडीतल्या ५५ रात्रींच्या चित्रीकरणात राबलेल्या शेकडो लोकांचे श्रम त्यात पुसले जातात. सह्यांनी ठरलेला शेवट निर्जीवच असणार. निदान अचूक होते, औषध चुकीचे होते. आणि उत्सुकतेचेही एक कुरूप रूप असते: २०१७ मध्ये सातव्या सीझनचा एक भाग प्रसारणाआधी फुटला तेव्हा त्याचा माग थेट मुंबईत पोचला आणि चार जणांना अटक झाली.

त्यानंतरच्या वर्षांत या कलेने धडा घेतला का? ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’चा पहिला सीझन ऑक्टोबर २०२२ मध्ये आकाशातल्या एका मृत्यूवर संपला आणि लोकांना तो भावला, कारण दहा भाग दोन मैत्रिणींच्या दुराव्यावर खर्च झाले होते. पुढच्या सीझनसाठी जून २०२४ पर्यंत थांबावे लागले. भाग आठ झाले आणि ४ ऑगस्टच्या शेवटच्या भागात सैन्ये नुसती निघाली. युद्ध पुढे ढकलले गेले. इथे उत्तरे उरकली नव्हती, ती पुढच्या खेपेसाठी राखून ठेवली होती. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ने २०२२ मध्ये पहिला सीझन ‘खलनायक सॉरॉन कोण’ या कोड्यावर लटकवला. चाहत्यांनी ते आधीच सोडवले होते आणि उत्तर कळल्यावर त्यामागे माणूस फारसा उरला नाही. ‘द व्हील ऑफ टाइम’ला तिसऱ्या सीझनमध्ये सूर सापडला होता. तो एप्रिल २०२५ मध्ये संपला आणि मे महिन्यात मालिकाच बंद झाली. सीझनचा शेवट मग कथेचाच शेवट ठरला, कुणी तसा लिहिलेला नसताना.

या चारही मालिकांतून दिसते ते असे, की दृश्यांची श्रीमंती वाढत चालली आहे आणि संभाषण आटत चालले आहे. दोन सीझनांमध्ये दोन-दोन वर्षे, सीझनमध्ये सहा-आठ भाग, आणि प्रत्येक भागावर सिनेमाइतका खर्च. इतका पैसा ओतल्यावर खोलीत बसून बोलणाऱ्या दोन माणसांना वेळ देणे कुणालाच परवडेनासे होते. प्रेक्षक मात्र त्या दोन माणसांसाठीच आलेला असतो. ज्या दिवशी एखाद्या अद्भुतमालिकेचा कर्ता पुन्हा भाग भरायला प्रसंग कमी पडतात म्हणून दोन पात्रांना एका टेबलाशी बसवील, त्या दिवशी या कलेला बरे दिवस येतील असे मला मनापासून वाटते.

तोवर चाहते स्वस्थ बसलेले नाहीत. २०१९ च्या त्या सोमवारनंतर इतकी वर्षे उलटली, तरी डेनेरिसने घंटा ऐकल्या आणि शहराकडे वळली त्या मधल्या काही क्षणांविषयी ते लिहीत आहेत, वाद घालत आहेत, स्वतःचे प्रसंग रचून पाहत आहेत. ज्या कथेवर प्रेम उरले नाही, तिच्यासाठी एवढे कष्ट कुणी घेत नाही. साठांपैकी पाच उत्तरे त्यांना मिळाली. उरलेली पंचावन्न ते एकमेकांना सांगत आहेत.