‘झाडे लावणारा माणूस’ : ओसाड भूमीच्या कथेची चिकित्सा

प्रस्तावना :
फ्रेंच साहित्यिक ज्याँ जिओनो (१८९५-१९७०) यांनी १९५३ मध्ये लिहिलेली ‘झाडे लावणारा माणूस’ ही छोटी कथा पर्यावरणविषयक साहित्यात मानाचे स्थान मिळवून आहे. प्रोव्हान्सच्या उजाड डोंगराळ प्रदेशात एल्झेआर बुफिये हा एकाकी मेंढपाळ वर्षानुवर्षे बिया पेरतो आणि तेथे अरण्य उभे राहते, एवढेच तिचे कथानक. बुफिये काल्पनिक असल्याचे जिओनो यांनीच १९५७ मध्ये एका वनाधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले होते. तरीही एका व्यक्तीने घडविलेला चमत्कार म्हणूनच ही कथा बहुधा वाचली जाते. अशा वाचनात तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

निवड आणि अपयश :
कथेचे सामर्थ्य तिच्यातील हिशेबात आहे. बुफिये ओकच्या बियांची रास ओतून एकेक बी पारखतो; तडकलेल्या व बारीक बिया बाजूला सारून शंभर निर्दोष बिया निवडतो. तीन वर्षांत पेरलेल्या १,००,००० बियांपैकी २०,००० रुजतात आणि त्यांतीलही निम्मी रोपे जातील, हे तो गृहीत धरतो. एका वर्षी लावलेली मेपलची १०,००० झाडे मरतात, तेव्हा तो बीचकडे वळतो. जेथे ओल असावी असे वाटते, तेथे बर्च लावतो. कोणते झाड जगेल याचा निर्णय येथे भूमी देते. माणूस तो वाचावयास शिकतो. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या चार वर्षांत वृक्षलागवडीची उद्दिष्टे अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी अशी चढत गेली. हे आकडे लागवडीचे होते. बुफियेचा आकडा जगलेल्या झाडांचा आहे.

मेंढपाळाचे मौन :
मर्यादा मात्र तितकीच गंभीर आहे. जमीन कोणाची, हे बुफियेला ठाऊक नाही आणि त्याची त्याला फिकीरही नाही. रोपांना धोका म्हणून तो बहुतेक मेंढ्या काढून टाकतो व मधमाश्या पाळतो. प्रत्यक्ष इतिहासात हा प्रश्न एका वाक्यात सुटला नाही. फ्रान्समध्ये १८६० च्या कायद्याने डोंगरउतारांवर पुनर्वनीकरण सुरू झाले. त्यामुळे चराई आक्रसू लागताच ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला. परिणामी १८६४ च्या कायद्याने झाडांऐवजी गवत लावण्याची मुभा दिली. पुढे दक्षिण आल्प्समध्ये बाहेरून आणलेला ऑस्ट्रियन काळा पाइन मोठ्या प्रमाणावर लावला गेला. कथेतील मिश्र अरण्य आणि इतिहासातील हे वन यांत मोठे अंतर आहे.

दख्खनच्या वाचकाला हे मौन अधिक जाणवावे. धनगरांची चराई, लांडगा व माळढोक यांचा आधार असलेला माळ केवळ झाडे नाहीत म्हणून पडीक ठरत नाही. जेथे वन तुटले आहे तेथे स्थानिक वृक्ष व झुडपे परत आणणे योग्यच. पण मूळच्या गवताळ माळावर खड्डे खणणे ही त्या भूमीची नवी हानी होय.

समारोप :
जिओनो यांची कथा चिकाटी आणि बीजपारख शिकविते. भूमीवर अगोदरच कोणाचे जीवन अवलंबून आहे, हा प्रश्न ती विचारीत नाही. अध्यापनात ही कथा वापरताना तो प्रश्न शिक्षकाने विचारला पाहिजे.