दार उघडले, उंबरठा मात्र उंच

स्मार्टफोन म्हणजे खिशात मावणारा संगणक, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. ते खरेच आहे. पण टेबलावरच्या संगणकात कोणती आज्ञावली घालायची हे बहुतांशी त्याचा मालक ठरवतो. आयफोनचे तसे नाही. अ‍ॅपलने जुलै २००८ मध्ये ५०० अ‍ॅप मांडून आपले दुकान उघडले आणि पुढे कित्येक वर्षे आयफोनधारकाला दुसरे दुकानच नव्हते. त्याच वर्षी अँड्रॉइडचे दुकान सुरू झाले. तेच आजचे गूगल प्ले. अँड्रॉइडवर बाहेरून अ‍ॅप घेता येते, पण ती वाट धोक्याच्या पाट्यांमधून जाते.

या दुकानांतली बहुतेक अ‍ॅप फुकट असतात आणि त्यांच्यावर कमिशन नसते. टॅक्सीचे भाडे किंवा घरपोच किराणा यांवरही ते नाही. पण अ‍ॅपच्या आत एखादा अभ्यासक्रम, खेळातील वस्तू किंवा मासिक वर्गणी विकली, तर पैसे दुकानाच्याच गल्ल्यातून भरायचे आणि त्यांतील ३० टक्के दुकानाने ठेवायचे, असा नियम झाला. परिचयाचा शब्द वापरायचा तर ही अडत आहे. २०२१ पासून दोन्ही कंपन्यांनी लहान उद्योजकांसाठी ती १५ टक्के केली, हेही नमूद केले पाहिजे.

या व्यवस्थेला अनेक देशांनी आक्षेप घेतला. दक्षिण कोरियाच्या संसदेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच्याच गल्ल्याची सक्ती बेकायदा ठरवली. युरोपीय संघाचा कायदा अ‍ॅपल व गूगलसारख्या कंपन्यांवर मार्च २०२४ पासून बंधनकारक झाला आणि तेथे आयफोनवर इतरांची दुकाने आली. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गल्ल्याच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. या निर्णयांचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. पण ‘दार उघडले का?’ एवढेच विचारून भागत नाही. दार उघडल्यावर भाव बदलला का, हे मोजले पाहिजे. माझ्या मते येथेच बहुतेक उपाय लंगडे पडतात.

सातवीच्या विद्यार्थ्याला जमेल असे गणित करू. अ‍ॅपमधील वस्तूची किंमत १०० रुपये. दुकानाच्या गल्ल्यातून विकली तर ३० रुपये जातात, ७० उरतात. कोरियात कायदा आल्यावर गूगलने दुसऱ्याचा गल्ला वापरू दिला. पण अडत ३० वरून फक्त २६ वर आणली. अ‍ॅपलनेही तेथे २६ चाच आकडा ठरवला. आता दुसऱ्या गल्ल्याचा खर्च धरा. कार्डाने पैसे घेणारी मध्यस्थ कंपनी सुमारे तीन रुपये घेते असे समजू. २६ आणि ३ मिळून २९. शिल्लक ७१. या एका रुपयासाठी अ‍ॅप बनवणाऱ्याने स्वतंत्र हिशेब ठेवायचा, परतावे द्यायचे आणि ग्राहकांच्या तक्रारीही सोडवायच्या. असा पर्याय कोण निवडील? अमेरिकेत न्यायालयाच्या आदेशानंतर अ‍ॅपलने जानेवारी २०२४ मध्ये बाहेरच्या दुव्यांना परवानगी दिली, पण त्या खरेदीवर २७ टक्के लावले. भारतात गूगलने दिलेली सवलतही चारच टक्क्यांची होती. पर्याय नाकारलेला नाही. तो फक्त निरुपयोगी करून ठेवला आहे.

ही चतुराई पुढे एका न्यायाधीशांनी ओळखली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील न्या. इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी अ‍ॅपलने आदेशाचा हेतुपुरस्सर भंग केल्याचा ठपका ठेवला. २०२५ अखेर अपील न्यायालयाने तो ठपका कायम ठेवला. मात्र अशा खरेदीवर काहीच शुल्क घेऊ नये ही सरसकट बंदी त्याला मान्य झाली नाही.

कंपन्यांचा मुख्य युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. संदेशातून आलेली अनोळखी फाईल फोनमध्ये घेतल्याने बँकेतील पैसे गेल्याच्या घटना आपल्याकडे घडतात. पण प्रयोगात दोन चल एकदम बदलले तर परिणाम कशाचा हे कळत नाही, असे आपण वर्गात शिकवतो. येथे तीन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. एका अ‍ॅपने दुसऱ्याच्या माहितीत डोकावू नये, ही भिंत फोनची कार्यप्रणाली उभारते. अ‍ॅप कोणत्याही दुकानातून आले तरी ती उभीच असते. अ‍ॅप फसवे आहे का हे पाहणे, ही तपासणी. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पैसे घेणे. पहिल्या दोहोंचे समर्थन तिसऱ्याला आपोआप लागू होत नाही. शिवाय तपासणीही अचूक नसते. एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलला आपल्याच दुकानातून कर्ज देणारी २,५०० हून अधिक अ‍ॅप काढावी लागली. ती आत आली होती ती याच तपासणीतून.

धोक्याच्या पाट्यांचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने इंडस अ‍ॅपस्टोअर हे भारतीय दुकान सुरू केले. त्यात इंग्रजीशिवाय १२ भारतीय भाषा आहेत, मराठीही आहे. पण ज्या फोनमध्ये ते आधीपासून नसते, तेथे ते संकेतस्थळावरून घेताना अनोळखी फाईलला मिळतो तोच इशारा समोर येतो. अशी दुकाने प्ले स्टोअरवरच मिळावीत, असा आदेश स्पर्धा आयोगाने दिला होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो भाग रद्द केला. चोर आला तरी वाजणारी आणि पाहुणा आला तरी वाजणारी घंटा काहीच माहिती देत नाही. उलट, लोक तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात आणि खऱ्या धोक्याच्या वेळीही तेच करतात.

कंपन्यांनी कार्यप्रणाली घडवली, अ‍ॅप बनवण्याची साधने दिली. त्याचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. मात्र तपासणीचे इतके, साधनांचे इतके, पैसे गोळा करण्याचे इतके, असे बिल वेगवेगळे हवे. एकच टक्केवारी सगळ्यांवर पसरली की कोणत्या सेवेला किती पैसे गेले हे दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यात स्पर्धा होऊ शकत नाही. नियामकांनीही आदेशात ‘पर्याय द्या’ एवढेच लिहून थांबू नये. पर्याय निवडणाऱ्याच्या हाती शेवटी किती उरते, तो आकडा ठरावीक काळाने तपासावा.

हा विषय शेकडेवारीच्या धड्यासाठी उत्तम आहे. विद्यार्थ्यांना २६, २७ आणि ३० हे तीन आकडे द्यावेत, गल्ल्याचा खर्च एकपासून पाच रुपयांपर्यंत बदलून पाहायला सांगावे आणि पर्याय कोणत्या खर्चापासून तोट्याचा ठरतो ते काढायला लावावे. २६ ला चार रुपयांवर, तर २७ ला तीन रुपयांवरच बरोबरी होते. त्यापुढे दार उघडे असूनही कोणी आत का जात नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.