दोन रकाने आणि एक बटण

पुस्तकांची परीक्षणं लिहिण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. एवढ्या काळात मी किती लेखकांचं नुकसान केलं याचा हिशेब नाही. पण फायदा एकाचाही झाला नाही, हे मात्र छातीठोकपणे सांगतो. कादंबरी असो, कवितासंग्रह असो, नाही तर गच्चीवरच्या बागकामाचं पुस्तक असो, माझा साचा ठरलेला. आधी लेखकाची पाठ थोपटायची, मग पात्रं ठसठशीत आहेत की पुसट ते सांगायचं, 'मात्र' म्हणून परिच्छेद बदलायचा आणि शेवटी मुद्रणदोष मोजायचे. 'मुखपृष्ठ समर्पक आहे' हे वाक्य तर मी पुष्कळदा मुखपृष्ठ न बघता लिहिलेलं आहे. (प्रकाशक हल्ली अभिप्रायार्थ प्रती पाठवत नाहीत. वाचनालयातून पुस्तक आणायचं म्हणजे त्यावर खाकी कव्हर चढवलेलं असतं. दोष माझा नाही.)

त्यामुळे पुतणी एका रविवारी येऊन म्हणाली, "काका, मी एक फॉर्म लिहिलाय, बघता का जरा?" तेव्हा मी लगेच चष्मा पुसला. आम्हा समीक्षकांच्या भाषेत 'फॉर्म' म्हणजे आकृतिबंध. आशय आणि आकृतिबंध यांच्या नात्यावर मी पूर्वी दोन व्याख्यानंही दिलेली आहेत. पहिल्याला माणसं होती.

तिनं संगणक पुढे ठेवला. वर 'लॉगिन' असं शीर्षक. खाली दोन रकाने, एक सभासद क्रमांकाचा आणि एक पासवर्डाचा. त्याखाली 'आत या' हे बटण.

"एवढंच?"

"एवढंच. पण एकदाच लिहायचा आणि पाहिजे तिथे वापरायचा. आता सात ठिकाणी आहे."

आमच्या पेठेतल्या वाचनालयासाठी ती सुट्टीच्या दिवशी फुकट काम करून एक वेब ॲप्लिकेशन बनवत होती. घरबसल्या पुस्तक शोधायचं, राखून ठेवायचं, मुदत वाढवायची, गुडघे दुखत असतील तर घरपोच मागवायचं. या प्रत्येक कामाआधी सभासदाला 'तुम्ही कोण?' असं विचारावं लागतं. दर ठिकाणी नवा फॉर्म लिहायचा तर सातदा लिहा, सातदा चुका, सातदा दुरुस्त करा. म्हणून एकच लिहून ठेवायचा आणि पानापानावर नेऊन बसवायचा. मला ही कल्पना मुळीच नवी वाटली नाही. मी एकच परीक्षण सात पुस्तकांना वापरलेलं आहे. आमच्यात ते कुणी बोलून दाखवत नाही, इतकंच.

परीक्षण म्हटलं की परंपरेचा धांडोळा आलाच. तो मी घेतला. संगणकावरच्या पासवर्डाचं घराणं फार जुनं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि मंडळींनी १९६१ साली एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था चालवून दाखवली. यंत्र एक आणि बिऱ्हाडं अनेक, म्हणजे आमच्या वाड्यासारखंच. मग ज्याचं कपाट त्यानंच उघडावं म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द आला. आणि लगेच, १९६२ साली, ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारा यंत्राचा वेळ पुरेना, म्हणून त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच यंत्राकडून छापून घेतली! कुलूप आणि डुप्लिकेट किल्ली यांच्या वयात फारसं अंतर नाही, हे वाचून मला बरं वाटलं.

"आता असं होत नाही," पुतणी म्हणाली. "आता पासवर्ड आम्ही ठेवतच नाही. त्याचा चुरा ठेवतो."

खोबऱ्याची चटणी वाटली की चटणीचं पुन्हा खोबरं होत नाही, तसं हे गणित आहे. माणसानं पासवर्ड दिला की तो पुन्हा वाटायचा आणि आधीच्या चटणीशी ताडून बघायचा. शिवाय दोघांचा पासवर्ड एकच असला तरी चटण्या सारख्या दिसू नयेत म्हणून वाटताना प्रत्येकात वेगळी चिमूट टाकतात. त्या चिमटीला त्यांच्या धंद्यात खरोखरच 'मीठ' म्हणतात. माझ्या हिनं हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि संगणकशास्त्राबद्दल तिचं मत प्रथमच बरं झालं.

तर मी परीक्षण लिहिलं. भाषा अल्पाक्षरी, रचना बांधेसूद, शीर्षक थोडं परभाषी. मग अर्थातच 'मात्र'. 'मात्र, संवाद संदिग्ध आहेत.' कारण काहीही चुकलं तरी फॉर्म एकच वाक्य बोलायचा : 'सभासद क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' किंवा म्हणजे काय? यांतलं कोणतं? पात्राला काय म्हणायचंय ते लेखकालाच ठाऊक नाही काय?

पुतणी हसली. "काका, ते मुद्दाम आहे. 'असा सभासदच नाही' असं एकाला सांगितलं आणि 'पासवर्ड चुकला' असं दुसऱ्याला, तर चोराला आत न शिरताच सभासदांची यादी मिळेल."

हे मला पटलं. वाड्यात वसुलीवाला आला की माझी आजी आतून ओरडायची, "कोण पाहिजे ते घरात नाहीत!" नाव सांगायच्या आधीच. तेव्हा तो आक्षेप मी खोडला आणि मुद्रणदोषांकडे वळलो. ते नव्हते. परीक्षण पुरं झालं. पुतणी खूश, मी खूश. वाचनालयात फॉर्म सुरू झाला.

दोन आठवड्यांनी दुपारी शेजारच्या माई आल्या. वय ८१, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी अजून तोंडपाठ; रिक्षावाल्यानं मीटरचा आकडा सांगायच्या आत यांचे सुटे पैसे मोजून तयार. त्या आल्या आणि खुर्चीवर न बसता दारातच उभ्या राहिल्या.

"एक विचारू का? मला हल्ली विसरायला होतंय, असं तुम्हांला कधी वाटलं?"

मी म्हटलं, "माई, तुम्हांला? माझ्या लग्नाची तारीख मी तुम्हांला विचारतो."

पण त्यांना हसू आलं नाही. सकाळपासून त्या वाचनालयाच्या फॉर्मशी झगडत होत्या. पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवलेला, रोज मनात म्हणून बघितलेला. पाच वेळा घातला, पाच वेळा चुकीचा. मग पंधरा मिनिटं दार बंद. पुन्हा पाच वेळा. पुन्हा बंद. "आणि खाली लिहिलंय हो," त्या म्हणाल्या, "'पासवर्ड विसरलात?' आधीपासूनच लिहिलंय."

त्यांच्या थोरल्या बहिणीचं शेवटी तेच झालं होतं. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसांची नावं. माईंनी तिचं सगळं केलं होतं. आता डॉक्टरकडे जायचं तर कोणत्या, एवढंच विचारायला त्या माझ्याकडे आल्या होत्या. पुतणीला फोन करून पासवर्ड विचारावा, तर चटणीचं खोबरं होत नाही. नवीन पासवर्डाची चिठ्ठी मागवावी, तर ती माईंच्या मुलाच्या ईमेलवर जाणार. तो कॅनडात, आणि तिथे मध्यरात्र उलटून गेलेली. त्याला उठवायला माईंनी साफ नकार दिला. "तो लगेच विमानात बसेल," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या घरी गेलो. संगणक मुलानं दिलेला. माई त्यावर आपल्या आठवणी मराठीत टाइप करतात. सभासद क्रमांक ब्राउझरनंच भरून ठेवला होता. माईंनी माझ्यासमोर पासवर्ड घातला. ठिपके उमटले. सभासद क्रमांक किंवा पासवर्ड चुकीचा आहे. मग मी त्यांचा क्रमांक खोडून माझा घालायला गेलो, आणि गडबडीत वरच्याच रकान्यात माझा पासवर्ड बडवला. आयुष्यात एवढी उपयोगी चूक मी दुसरी केलेली नाही. रकान्यात मराठी उमटलं! मराठी तरी कसलं. काना, मात्रा, वेलांट्या कुठल्याही अक्षराचा आधार नसताना हवेत लोंबकळत होत्या. कळफलक मराठीवर राहिला होता. माईंची बोटं बरोबर, आठवण बरोबर, कळाही त्याच. पण ठिपक्याला लिपी नसते. 'क' चा ठिपका आणि 'के' चा ठिपका सारखाच.

मी कळफलक बदलला. माई आत गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पदरानं चष्मा पुसत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "एकोणतीस नव्वे?" मी म्हटलं, "मला येत नाही." "दोनशे एकसष्ट," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

त्या रात्री मी आयुष्यातलं पहिलं खरं परीक्षण लिहिलं. पाठ थोपटली नाही. लिहिलं की या कृतीत एक वाक्य क्रूर आहे, आणि कृती सात ठिकाणी वापरली असल्यामुळे ते सात ठिकाणी क्रूर आहे. माणूस दाराशी येतो-न-येतो तोच 'विसरलात?' असं विचारणारं दार मी पाहिलेलं नाही. चोराला काही सांगू नका, कबूल. पण कळफलक मराठीवर आहे हे सभासदाला सांगितल्यानं चोराला काय मिळणार? ते तर त्याच्या स्वतःच्या बोटांखालचं आहे. आणि मराठी वाचनालयाचा पासवर्ड इंग्रजीतच का?

पुतणी रविवारी आली. परीक्षण दोनदा वाचलं. तिचा चेहरा पाहून मला, एवढे लेखक गार केलेल्या मला, चक्क अपराधी वाटलं. मग ती म्हणाली, "मराठी पासवर्ड घ्यायला हरकत नाही. पण 'पायऱ्या' मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. एक अख्खा, नाही तर साधा र आणि खाली नुक्ता. दिसायला तेच, यंत्राला वेगळे. आधी दोन्हींचं एक रूप करून घ्यावं लागेल." ऱ बद्दल एवढी आस्था मी मराठीच्या प्राध्यापकांतही पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "तुमचे शास्त्रकार काय म्हणतात?" तर कळलं की शास्त्रकारही आमच्यासारखेच. पासवर्डात मोठं अक्षर, आकडा, चिन्ह घाला, ठरावीक दिवसांनी बदला, हा जाच सुरू झाला तो बराचसा अमेरिकेतल्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या सल्ल्यावरून. २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी एका वृत्तपत्राला सांगितलं की त्यातल्या पुष्कळशा गोष्टींचा आपल्याला आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनं नियमच बदलले : उगाच बदलायला लावू नका, लांब पासवर्ड चालू द्या, इतर लिप्यांतली अक्षरंही घ्या, लिहिलेलं माणसाला बघता येऊ द्या. चौदा वर्षांनी का होईना, 'मी चुकीचं लिहिलं' म्हणणारा समीक्षक माझ्या तरी ऐकिवात नाही.

संध्याकाळपर्यंत पुतणीनं फॉर्म बदलला. पासवर्डाशेजारी डोळा आला. तो दाबला की ठिपक्यांची अक्षरं होतात. 'तुमचा कळफलक मराठीवर आहे' अशी सूचना आली. 'पासवर्ड विसरलात?' गेलं, तिथे 'आत येता येत नाही?' आलं. आणखी एक गोष्ट मी जाता जाता टोचली होती : पुस्तकाच्या पानावरून लॉगिन करायला जावं तर हा माणसाला आणून सोडतो थेट पहिल्या पानावर, पुस्तक पुन्हा शोधा! आता तो कुठून आलात ते लक्षात ठेवतो आणि तिथेच नेऊन सोडतो. (तेही फक्त वाचनालयाच्याच पानावर. नाही तर चोर त्याच्या हातात भलताच पत्ता देईल म्हणे.) हे सगळं तिनं एका जागी बदललं आणि सातही ठिकाणी बदललं गेलं. माझ्या एका परीक्षणातला मुद्रणदोष अजून एका संग्रहात तसाच छापलेला आहे, हे मला आठवल्याशिवाय राहिलं नाही.

रात्री दहाला माईंचा फोन. "शिरले हो आत! पहिल्या झटक्याला. आणि थेट पुस्तकाच्याच पानावर सोडलं त्यानं."

"वा! राखून ठेवलंत?"

"कुठलं राखतेय. बाहेर गेलंय. कुणी तरी महाभागानं नेलंय, आणि मुदत संपून ४३ दिवस झाले. स्मरणशक्ती कशी टिकवावी यावरचं आहे. मला आता नकोच म्हणा, पण म्हटलं बघावं."

मी फोन ठेवला आणि परीक्षणासाठी आणलेल्या पुस्तकांच्या ढिगाकडे गेलो. खालून दुसरं होतं. खाकी कव्हर काढलं. मुखपृष्ठावर एक गृहस्थ कपाळाला हात लावून उभे होते. समर्पक होतं.