५७ कुणाच्या तुलनेत? आदिवासी आरोग्याच्या अहवालाबद्दल थोडं

आदिवासी आरोग्यावर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीचा २०१८ चा अहवाल आधी वाचा. केंद्राच्या दोन मंत्रालयांनी मिळून २०१३ मध्ये ही समिती नेमली होती. माझ्या मते अहवालाचं मोठेपण त्याच्या कबुलीत आहे: देशातल्या दहा कोटींहून जास्त आदिवासींच्या आरोग्याची स्वतंत्र, पुरेशी आकडेवारी आपल्याकडे नाहीच. निम्म्याहून अधिक आदिवासी आता आदिवासीबहुल ८०९ तालुक्यांच्या बाहेर राहतात, हेही तो स्पष्ट सांगतो.

पण विषमता दाखवताना तो जी तुलना करतो, ती मला खटकते. एनएफएचएस-४ नुसार दर हजार जन्मांमागे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू अनुसूचित जमातींत ५७, तर 'इतर' गटात ३९. दरी मोठी दिसते. पण हे 'इतर' कोण? अनुसूचित जाती आणि ओबीसी वगळून उरलेले. त्याच सर्वेक्षणात अनुसूचित जातींचा आकडा ५६ आहे! म्हणजे दरी किती, हे बाजूला कुणाला उभं करता यावर ठरतं. आणि धोरणही त्यावरच ठरतं. दलित मूल जवळपास तितक्याच प्रमाणात दगावत असेल, तर गरिबी आणि कोलमडलेलं उपकेंद्र हे दोघांचंही दुखणं. मग भाषा, जंगल, अंतर यांचा वेगळा वाटा किती, ते वेगळं मोजावं लागेल.

शिवाय ५७ च्या पोटात मिझोही आले आणि मेळघाटातले कोरकूही. सरासरीला काय, ती सगळ्यांना एका पंगतीत बसवते.

याउलट गडचिरोलीत 'सर्च'ने केलेलं काम बघा. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, ३९ गावांतला प्रत्येक जन्म-मृत्यू नोंदवला, आणि शेजारच्या ४७ गावांशी ताडून पाहिलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं छापून आलं. तुलना शेजाऱ्याशी होती, म्हणून त्या आकड्याला वजन आलं. पुढे आशांकडून देशभर घरोघरी जी बाळ-तपासणी सुरू झाली, तिचं मूळ इथं आहे.

माझ्या पहिल्या प्रस्तावात मीही 'इतर'च वापरलं होतं. मार्गदर्शकांनी पान उलटं करून विचारलं, "शेजारच्या दलितवस्तीतलं पोर कुठल्या रकान्यात?" तो तक्ता आता मी नव्याने करतोय.