फांसा आणि चिलखत

युद्धाची नक्कल करणारे खेळ आपल्याला नवीन नाहींत. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती, घोडे, उंट आणि प्यादीं आपण पिढ्यान् पिढ्या लढवीत आलों आहों. परंतु त्या पटावर चिलखत नाहीं. घोड्याच्या टप्प्यांत प्यादें सांपडलें कीं तें मेलें. त्याच्या अंगांत लोखंड होतें कीं साधा अंगरखा, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. सारीपाटांतहि सोंगटी मरते ती पडलेल्या दानानें. एका खेळाची सारी मदार बुद्धीवर, दुसऱ्याची बव्हंशीं दैवावर. आणि मरणाऱ्यानें स्वतःच्या बचावाची काय तजवीज केली होती, याला दोहोंतहि किंमत नाहीं.

ही किंमत देऊं पाहणारा खेळ अमेरिकेंत निघाला. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, आणि मेजाभोंवतीं बसून खेळावयाच्या ‘रोलप्लेइंग’ खेळांची परंपरा तेथून सुरू झाली. आपल्याकडील शहरांतूनहि आतां तरुण मंडळी हे खेळ खेळतात. त्यांत एकजण कथेकऱ्याचें काम करतो. बाकीचे एकेक पात्र होतात. आपलें पात्र काय करूं इच्छितें तें प्रत्येकानें बोलून सांगावयाचें, आणि जेथें फळ अनिश्चित असेल तेथें फांसा टाकावयाचा. आख्यान आणि सारीपाट यांचा हा संकर आहे म्हटलें तरी चालेल. अशा खेळांत कोणती गोष्ट सांगतां येईल आणि कोणती येणार नाहीं, हें अखेर नियमच ठरवितात. म्हणून त्यांचें परीक्षण एखाद्या कथाग्रंथाप्रमाणें करणें अप्रस्तुत होणार नाहीं. येथें त्यांतला एकच नियम घ्यावयाचा आहे, तो चिलखताचा.

कसोटीसाठीं उदाहरण दूर शोधावयास नको. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीस गेले. या भेटीच्या निरनिराळ्या हकीकतींत तपशिलाचे भेद आहेत. पहिला वार कोणी केला याविषयींहि एकवाक्यता नाहीं. ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालच्या इतिहासांत महाराजांच्या अंगरख्याखालीं चिलखत व डोक्यावर पोलादी टोप असल्याचें लिहिलें आहे. खान मात्र तलम मलमलीच्या पोषाखांत आला होता, असेंहि तो सांगतो. मराठी परंपरेप्रमाणें खानानें महाराजांची मान काखेंत दाबून कुशींत वार केला, तो अंगांतल्या चिलखतावर निष्फळ झाला, आणि मग वाघनखें व बिचवा चालला. या प्रसंगाचें मर्म थोडक्यांत असें : वार झाला, तो बसला, तरी जखम झाली नाहीं, आणि जखम झाली नाहीं याचें कारण भेटीपूर्वीं केलेला विचार हें होतें.

आतां १९७४ चा नियम पाहूं. नवखा लढवय्या २० बाजूंचा फांसा टाकतो. प्रतिपक्षी उघड्या अंगाचा असेल तर १० किंवा अधिक पडले म्हणजे वार लागला. म्हणजे २० पैकीं ११ वेळां. प्रतिपक्ष्यानें कड्यांचें चिलखत घातलें असेल तर १४ पाहिजेत; म्हणजे २० पैकीं ७ वेळां. पोलादी पत्र्यांचें बख्तर आणि ढाल असेल तर १७. म्हणजे अवघ्या ४ वेळां. येथपर्यंत हिशेब सुबक आहे. परंतु एकदां वार लागला कीं जखम किती खोल हें ६ बाजूंचा निराळा फांसा सांगतो, आणि त्या वेळीं चिलखताला कोणी विचारीत नाहीं. उघड्या माणसाला जेवढी जखम, तेवढीच पोलादांत मढलेल्याला! या नियमांत चिलखत घाव सोसत नाहीं, तें घाव चुकवितें. पुढें त्याच अंकांत अंगच्या चपळाईचीहि भर पडूं लागली, आणि उडी मारून वार चुकविणारा व जागचा न हलतां तो अंगावर झेलणारा यांच्यांतील भेद पार पुसला गेला. प्रतापगडचा वार या नियमाप्रमाणें नुसता ‘चुकला’ एवढेंच म्हणतां येईल. बाकीचें कथेकऱ्यानें पदरचें घालावें.

याचा बचाव गायगॅक्सनेंच केला आहे. १९७९ सालीं खेळ चालविणाऱ्यांसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत तो म्हणतो, कीं पात्राच्या प्राणबळाचे जे अंक असतात ते केवळ मांस आणि रक्त यांचे नव्हेत; कौशल्य व दैव हींहि त्यांत मिळालेलीं आहेत. हा बचाव अगदींच लटका नाहीं. एका फांशानें निकाल लागतो, खेळ रेंगाळत नाहीं, हाहि गुण कांहीं थोडा नव्हे. परंतु ‘लागलें’ म्हणजे लागलेंच असें नाहीं, आणि ‘चुकलें’ म्हणजे चुकलेंच असेंहि नाहीं, अशी भाषा एकदां पत्करली म्हणजे खेळणारानें चिलखत घालण्याचा विचार केला त्याचें फळ त्याला कधींच डोळ्यांनीं दिसत नाहीं.

दुसरा पंथ १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाचा. त्याचा प्रमुख रचनाकार स्टीव्ह पेरिन हा नकली शस्त्रांनीं प्रत्यक्ष झुंजणाऱ्या मंडळींपैकीं होता, आणि तो अनुभव नियमांत उतरलेला दिसतो. येथें वार लागला कीं नाहीं हा एक प्रश्न, शरीराच्या कोणत्या भागीं लागला हा दुसरा. आणि त्या भागावर जें चिलखत असेल त्याचे अंक घावांतून वजा करावयाचे. समजा, कट्यारीचा घाव ६ अंकांचा आणि चिलखताचा आधार ५ अंकांचा. तर उरला १, म्हणजे एक ओरखडा. प्रतापगडचा प्रसंग या नियमांत जसाच्या तसा बसतो.

पण यांतहि एक उणीव आहे. नुसत्या वजाबाकीनें लहान शस्त्र मोठ्या चिलखतापुढें कायमचें निरुपयोगी ठरतें. प्रत्यक्षांत तसें होत नसे. जुन्या शस्त्रांचे संग्रह ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, कीं कित्येक कट्यारींचें टोंक मुद्दाम जाड केलेलें असतें. तें चिलखताचीं कडीं फोडण्यासाठीं. काख, गळा, चेहरा या उघड्या जागा तर असतातच. ‘रूनक्वेस्ट’नें असाधारण दान पडल्यास घाव चिलखताला डावलून जातो अशी सोय ठेवली आहे, ती योग्यच होय. शस्त्राशस्त्रांतला भेदहि मानला पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर विश्वासराव पडले ते गोळीनें. बंदुकीपुढें कड्यांच्या चिलखताची मात्रा चालत नाहीं. गायगॅक्स व जेफ पेरेन यांच्या १९७१ सालच्या ‘चेनमेल’ या पुस्तकांत कोणतें शस्त्र कोणत्या चिलखतावर कितपत चालतें याचें कोष्टक होतें. कल्पना उत्तम, परंतु पुढें तसलेंच कोष्टक मोठ्या ग्रंथांत आलें तेव्हां पुष्कळ खेळणारांनीं तें बाजूला ठेवलें. जो नियम कोणी पाळीत नाहीं तो असून नसल्यासारखाच. शिवाय वजनाचा हिशेब राहतोच. मराठ्यांच्या गनिमी काव्याचें बळ हलक्या सामानांत आणि घोड्यांच्या वेगांत होतें. ज्या खेळांत लोखंड चढविण्याला कांहींच मोल पडत नाहीं, त्या खेळांत हा कावा शहाणपणाचा ठरणार नाहीं.

तेव्हां आमचें मत असें. चिलखतानें घाव सौम्य करावा, तो चुकविण्याचें काम चपळाईकडे आणि ढालीकडे ठेवावें. फटींतून शिरणाऱ्या वाराला थोडी वाट असावी. आणि अंगावरच्या भाराची किंमत वेगांत मोजून घ्यावी. वजाबाकी एकच असावी, कोष्टकें नसावींत. यानें खेळ किंचित् मंद होईल, हें कबूल. परंतु हा प्रश्न केवळ खेळाच्या सोयीचा नाहीं. चिलखत ही माणसानें संकटापूर्वीं केलेली तजवीज आहे. ती फांशाच्या पोटांत दडविली म्हणजे सावधपणाचें श्रेय दैवाच्या खात्यावर जमा होतें, आणि खेळणारा तरुण नकळत असें शिकतो कीं जो वांचला तो नशिबानें वांचला. प्रतापगडावर सय्यद बंडा चालून आला तेव्हां महाराजांना वांचविलें तें जिवा महालाच्या तलवारीनें. पण तो माणूस बरोबर नेण्याची निवडहि भेटीपूर्वींच झालेली होती. दैवाला खेळांत जागा असावी. मात्र ज्यानें आधीं विचार केला त्याच्या विचाराचा निराळा जमाखर्च नियमांत दिसला पाहिजे.