कशाचे शेकडा? : अपंगत्वाच्या वैद्यकीय मूल्यमापनातील एका साकांक्ष पदाविषयी

वाक्यार्थाचा विचार करताना आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या तीन गोष्टी आवश्यक मानल्या. त्यांपैकी आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची लागलेली अपेक्षा. 'भाऊ' म्हटले की 'कोणाचा?' हा प्रश्न उद्भवतो आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत अर्थ पुरा होत नाही. 'शेकडा चाळीस' हे पदही असेच साकांक्ष आहे. 'कशाचे?' हे कळल्यावाचून त्याला अर्थ नाही. असे असूनही ज्या कागदावर एखाद्याचे निवृत्तिवेतन, आरक्षण किंवा प्रवासातील सवलत अवलंबून असते, त्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रातील टक्का मात्र कचेऱ्यांतून स्वयंपूर्ण संख्या म्हणून वाचला जातो. चुकीच्या मूल्यमापनाला आव्हान देऊ इच्छिणाऱ्याने प्रथम या वाचनाला आव्हान दिले पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले. चाळीस टक्क्यांची मर्यादा मात्र कायम राहिली. तिच्या वर 'लक्षणीय दिव्यांगत्व', तिच्या खाली जवळजवळ काहीच नाही. २०१७ च्या नियमांबरोबर प्रमाणपत्राचे जे नमुने जोडले गेले, त्यांतील अस्थिव्यंगाविषयीचे वाक्य अभ्यसनीय आहे. अमुक व्यक्तीस तिच्या अमुक अवयवाच्या संबंधात, मार्गदर्शक तत्त्वांनुसार, इतके टक्के कायम अपंगत्व आहे, अशी त्याची रचना आहे. म्हणजे मसुदाकाराने 'च्या संबंधात' हे पद घातले होते. प्रमाणपत्र कचेरीच्या खिडकीपाशी पोहोचेपर्यंत ते गळून पडते आणि उरतो केवळ आकडा.

हा लोप किती महाग पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवरून दिसते. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा निर्णय १९७५ चा. दावेदार सुतार होता; त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांच्या हानीचे टक्के दिलेले होते : अंगठा गेल्यास ३०, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४. त्या कोष्टकाप्रमाणे हे अपंगत्व आंशिक ठरावे, असे मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही. सबब सुतारापुरते हे अपंगत्व संपूर्ण होय, असा निर्णय दिला. शरीर तेच आणि जखमही तीच, 'कशाचे?' या प्रश्नाचे उत्तर बदलताच आकडा बदलला.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निर्णयात हेच तत्त्व उलट दिशेने लागू झाले. वैद्यकीय प्रमाणपत्रात डाव्या पायाच्या संबंधात ४५ टक्के अपंगत्व नोंदलेले होते. न्यायाधिकरणाने तोच आकडा कमाईच्या क्षमतेची हानी म्हणून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने ती हानी २० टक्के ठरवली आणि अवयवाचा टक्का, संपूर्ण शरीराचा टक्का व कमाईच्या क्षमतेचा टक्का या तीन वेगळ्या गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. येथे दावेदाराचा टक्का घटला, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. 'कशाचे?' हा प्रश्न कोणाचा पक्षपाती नव्हे, म्हणूनच तो प्रमाण मानता येतो.

आता आपल्या परिसरातील उदाहरण घेऊ. नवी मुंबईतील बेलापूरलगतचे दिवाळे हे खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. तेथील एखाद्या मच्छीमाराच्या उजव्या खांद्याला व पंजाला इजा झाली, अशी कल्पना करू. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बाहू आणि पंजा या घटकांची मोजणी स्वतंत्रपणे करावयाची असते. समजा, बाहूचे ३० आणि पंजाचे २० आले. यांची साधी बेरीज करावयाची नसते. नव्वदातून मोठा अंक वजा करून उरलेल्या अंकाने लहान अंकास गुणावयाचे, नव्वदाने भागावयाचे आणि आलेले फळ मोठ्या अंकात मिळवावयाचे, असे सूत्र आहे. त्याप्रमाणे उत्तर सुमारे ४३ येते. बेरीज केली तर ५० येतात. केवळ मोठा अंक घेतला तर ३०. घाईच्या तपासणीत पंजा पाहावयाचा राहून गेला, तर तीसच उरतील आणि मर्यादेच्या आत येणारा मनुष्य बाहेर पडेल. पण प्रमाणपत्रात निदान आणि अंतिम टक्का यांना जागा आहे. त्या टक्क्यापर्यंत नेणाऱ्या मोजमापांना नाही. साहजिकच चूक वैद्यकाची की गणिताची, हे कागदावरून उमगत नाही.

दिवाळ्याचेच दुसरे उदाहरण आमच्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. वाचा व भाषा यांच्या अपंगत्वाचे मूल्यमापन करताना बोलणे ऐकणाऱ्यास कितपत समजते, याचे श्रेणीकरण केले जाते. म्हणजे येथे मोजपट्टी हा एक श्रोता असतो आणि श्रोत्याला स्वतःची बोली असते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात (१९०५) कोळी बोलीची नोंद आहे. कोळी-आगरी बोलींत सामान्यतः 'ळ'च्या जागी 'ल', 'ण'च्या जागी 'न' आणि स्वरांमधील 'ड'च्या जागी 'र' येतो. 'जाळे' हे 'जाला' होते, 'पाणी' हे 'पानी' होते, 'घोडा' हा 'घोरा' होतो. हे उच्चार दोष नव्हेत, नियम होत. पक्षाघातानंतर तपासणीस आलेल्या मासेविक्रेत्या स्त्रीचे बोलणे या बोलीशी अपरिचित परीक्षकाने ऐकले, तर दोन प्रमाद संभवतात. तो बोलीला व्याधी समजेल, किंवा व्याधीला बोली समजेल. पहिल्याने टक्का फुगतो. दुसरा प्रमाद अधिक अन्यायकारक, कारण जिचे शब्द आजाराने खरोखरच मोडले आहेत, तिला 'गावाकडचे बोलणे असेच असते' असे म्हणून परत पाठवले जाते. तिची तुलना प्रमाण मराठीशी करावयाची नसून तिच्या आजारापूर्वीच्या वाणीशी करावयाची आहे. त्या वाणीचे साक्षीदार तिचे शेजारी आणि नेहमीची गिऱ्हाइके. परीक्षेच्या कागदावर त्यांना स्थान हवे.

येथे एक आक्षेप संभवतो. वैद्यकीय निर्णय तज्ज्ञांचा असतो. भाषाशास्त्रज्ञाने किंवा सामान्य अर्जदाराने त्यात हात का घालावा? शिवाय २०२४ मध्ये महाराष्ट्रात संशयास्पद प्रमाणपत्रांची मोठी चर्चा झाली. अशा वेळी मंडळांचे हात बळकट करणे इष्ट नव्हे काय? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करूनही त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य होत नाही. हाड किती अंशांत वळते, हे वैद्यानेच सांगावे. पण तो अंश कशाचा, तो कोणत्या सूत्राने मिळवला आणि कोणत्या हक्काशी जोडला, हे प्रश्न वैद्यकाचे नाहीत. ते वाक्यार्थाचे आहेत. खोट्या दाव्याविषयी म्हणाल, तर मोजमापे व कारणे उघड नोंदवली गेल्यास खोटा दावा टिकणे अधिक कठीण होईल. कारण लपलेले असते तेथे लबाड आणि लाचार दोघेही एकाच आकड्याआड उभे असतात.

न्यायालयाची दिशाही हीच आहे. वाचा व भाषेचे अपंगत्व चाळीस टक्क्यांहून अधिक असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणास अपात्र ठरवलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याचे प्रकरण ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने सांगितले की, केवळ टक्का पाहून कोणास अपात्र ठरवता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पुरा करू शकेल की नाही, हे मंडळाने पाहावे आणि प्रतिकूल मत असल्यास कारणे द्यावीत. म्हणजे 'चव्वेचाळीस' हे उत्तर पुरेसे नाही, 'कशासाठी?' हेही सांगितले पाहिजे.

दाद मागण्याचे मार्ग कायद्यात आहेत. २०१६ च्या अधिनियमाचे कलम ५९ प्रमाणन अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा हक्क देते. विमाधारक कामगारास १९४८ च्या राज्य विमा कायद्याच्या कलम ५४-अ प्रमाणे वैद्यकीय मंडळाविरुद्ध वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा थेट विमा न्यायालयाकडे जाता येत असे. मार्ग असूनही अपिले फसतात, कारण 'मला अधिक त्रास होतो' एवढेच त्यांत लिहिलेले असते. त्रास खरा असतो. पण मूळ निर्णयातील कोणते पद चुकले, हे त्यातून समजत नाही. चांगल्या अपिलाने चार गोष्टी पृथक् मांडाव्यात : कोणता अवयव किंवा कोणते कार्य मोजावयाचे राहिले, कोणती तपासणी झालीच नाही, सूत्र कोठे चुकले, आणि टक्का कोणत्या संबंधात दिला होता व कोणत्या संबंधात वाचला गेला. मोजमापांचे मूळ कागद आधी लेखी मागून घ्यावेत, हे ओघानेच आले.

एक विसंगती शेवटी नोंदवावयास हवी. २०१७ च्या नियमांप्रमाणे प्रमाणपत्र नाकारल्यास कारणे लेखी कळवावी लागतात. परंतु अडतीस टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळालेल्याला रूपाने होकार आणि अर्थाने नकार मिळालेला असतो. नमुन्यातील कोणताही रकाना त्याला कारण सांगत नाही. रूप व अर्थ यांची ही फारकत नियम करणाऱ्यांनी दूर करावी. तोपर्यंत दिवाळ्याच्या त्या मच्छीमाराच्या अर्जात एक वाक्य तरी असावे : हा टक्का कशाचा, ते लिहून द्यावे.