बेपत्ता शास्त्रज्ञ आणि एक देखणं गृहीतक



गृहीतक कसं मांडू नये, हे शिकायचं असेल तर एक छोटं पुस्तक जरूर वाचा: इटालियन लेखक लिओनार्दो शाशा यांचं, एत्तोरे मायोरानाच्या बेपत्ता होण्यावरचं, १९७५ सालचं. पुस्तक गुंतवून ठेवतं. पण तपास म्हणून ते कच्चं आहे असं माझं मत आहे.

आधी नोंदी बघू. 'मेजोराना फर्मिऑन' ज्याच्या नावाने ओळखला जातो तोच हा मायोराना. वय ३१, नेपल्स विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. २५ मार्च १९३८ ला त्याने संस्थेचे प्रमुख कार्रेली यांना निरोपाचं पत्र लिहिलं आणि बोटीने पालेर्मोला गेला. तिथून तार केली की पत्राची काळजी करू नका. पाठोपाठ दुसरं पत्र: समुद्राने मला नाकारलं, परत येतोय, पण शिकवणं सोडणार. त्यानंतर त्याचा पत्ता लागला नाही. पासपोर्ट आणि पैसे त्याने सोबत नेले होते.

शाशांचं म्हणणं असं की, अणुबॉम्ब येणार हे त्याला आधीच दिसलं, म्हणून तो ठरवून नाहीसा झाला. कदाचित मठात गेला.

आता तपासूया. पहिली गोष्ट तारखांची. युरेनियमचं विखंडन हान आणि स्ट्रासमन यांना डिसेंबर १९३८ मध्ये सापडलं, म्हणजे मायोराना गेल्यानंतर नऊ महिन्यांनी. १९३४ मध्ये फर्मींच्या रोममधल्या गटाने युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला होता, पण आपल्याला नवी मूलद्रव्यं मिळाली असं त्यांना वाटलं. "त्याला एकट्याला कळलं असेल," असं म्हणता येतं. पण प्रतिभा हा पुरावा नाही. आणि हे विधान खोटं ठरेल तरी कशाने? काहीच नाही! इथेच गाडी अडते.

दुसरी गोष्ट पुराव्याच्या वजनाची. पासपोर्ट आणि पैसे गृहीतकाला सोयीचे, म्हणून ते खरे संकेत. पत्रं आत्महत्येकडे बोट दाखवतात, म्हणून ती रचलेली. हे आपण डेटाबाबत सर्रास करतो. नको असलेला बिंदू 'आउटलायर' म्हणून बाजूला काढतो ना, तसंच.

सरकारी निष्कर्षालाही हीच चाळणी लावा. २०१५ मध्ये रोमच्या सरकारी वकिलांनी, प्रामुख्याने एका जुन्या फोटोच्या आधारे, तो १९५५ ते १९५९ या काळात व्हेनेझुएलात जिवंत होता असं मानलं. चेहरा जुळला म्हणे. पण किती खुणा जुळल्या, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे: तशाच खुणा आणखी किती पुरुषांशी जुळल्या असत्या?

शाशांवर माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. अणुबॉम्बची कथा त्या माणसाला थोर बनवते, आणि थोरपणा दिसला की आपण पुरावा मागायचं विसरतो. आत्महत्या, परदेश, मठ या तिन्ही शक्यता उघड्या ठेवणं कंटाळवाणं असतं, घरच्यांसाठी तर असह्य. त्याच्या आईने मृत्युपत्रातही त्याचा वाटा राखून ठेवला होता. तिला आशा धरायचा हक्क होता. संशोधकाला ती सूट नाही.

तर आज एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसमधलं गृहीतक घ्या आणि त्याखाली एक ओळ लिहा: 'अमुक दिसलं तर मी हे सोडून देईन.' ती ओळ सुचत नसेल, तर गाईडकडे जाण्याआधी गृहीतक पुन्हा लिहा.